कान तुटलेल्या कपातले जावईबापू

तपासनिसाच्या नोकरीत विश्वास ठेवण्याचा पगार मिळत नाही. विमा कंपनीत लोकांचे नुकसानीचे दावे तपासायचे, हे त्याचं काम. कुणाचं गोदाम जळलं, कुणाच्या घरात पाणी शिरलं, कुणाची गाडी उभ्या उभ्या ठोकली गेली, की हा तिथे जाणार, राखेत काडी फिरवणार आणि मालकाकडे असा बघणार की त्या बिचाऱ्याला, आग आपणच लावली की काय, असं वाटायला लागावं. ऑफिसात सगळे त्याला पाठीमागे शंकासुर म्हणत. पाठीमागे म्हणतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण शंका होतीच.

इतक्या वर्षांच्या अनुभवातून त्याने एक नियम काढला होता. नुकसानीच्या जागी गेल्यावर जो माणूस काही न विचारताच हात वर करतो, नजर त्याच्यावर ठेवायची. हा नियम त्याला फारसा कधी नडला नव्हता. नडला तो घरी, आणि तोही अंगठ्याएवढ्या प्राण्यापायी.

त्याचं झालं असं की सासूबाई गेल्यावर सासरेबुवा लेकीकडे राहायला आले. येताना त्यांनी एक कपड्यांची बॅग आणि माशांची काचेची टाकी आणली. टाकीत मॉली जातीच्या तीन काळ्या मासोळ्या होत्या. सासूबाईंनीच त्यांची बारशी केलेली: एक आत्याबाई, एक मधली, एक धाकटी. आत्याबाई पोटाने सुटलेल्या, खाण्याच्या वेळी दोघींना ढकलून पुढे येणाऱ्या, आणि काहीही झालं तरी नाराज. सासरेबुवा सकाळी टाकीपाशी बसून तिघींशी गप्पा मारत. पाणी कसं वाटतंय, काल झोप लागली का, वगैरे. जावयाशी त्यांचं बोलणं ठरलेलं होतं. "चहा झाला?" "झाला. तुमचा?" "झाला." इथे दिवसाचा संवाद संपायचा.

त्यात वैर नव्हतं बरं का. उलट आदर होता, आणि तोच सगळ्या भानगडीच्या मुळाशी होता. जावयाला वावगा शब्द बोलायचा नाही, हा सासरेबुवांचा बाणा. एकदा तपासनीस उलटा शर्ट घालून ऑफिसला गेला. दिवसभर लोक त्याच्याकडे बघून हसताहेत म्हणून त्याने तिघांवर संशय घेतला. संध्याकाळी बायकोने शिवणी बाहेर आलेल्या पाहून डोक्याला हात लावला, तर सासरेबुवा हळूच म्हणाले, "सकाळीच दिसलं होतं मला. पण जावयाला कसं सांगायचं?"

तर अशा या सासऱ्यांच्या वाढदिवसाला आपण काहीतरी मनापासून द्यावं, असं तपासनिसाला वाटलं. आता मनापासून द्यायचं म्हणजे माशांच्या दुकानात जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुकानदाराने त्याला एक केशरी रंगाचा प्राणी दाखवला. कोळंबीचं अंग, खेकड्याच्या नांग्या, आणि देठांवर बसवल्यासारखे डोळे. याला क्रेफिश म्हणतात, दुकानदार म्हणाला, आणि हा बुटक्या जातीचा. मोठ्या जातीचे दांडगट असतात, हा गरीब. कुणाच्या अध्यात ना मध्यात. तळाशी पडलेलं उष्टंखरकटं खाणार आणि आपल्या बिळात बसणार.

"मग नांग्या कशाला आहेत?" तपासनिसाने विचारलं.

"तुम्हाला दात आहेत. तुम्ही काय येणाऱ्याजाणाऱ्याला चावता?"

दावेदाराला विचारतात तसा तपासनिसाने तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या वाटांनी विचारून पाहिला. दुकानदाराचं उत्तर बदललं नाही, म्हणून त्याचा संशय वाढला, पण प्राणी त्याने घेतला.

घरी आणून टाकीत सोडल्याबरोबर तो तळाशी गेला. तिथे सासरेबुवांनी शोभेसाठी सासूबाईंचा कान तुटलेला कप आडवा ठेवला होता. क्रेफिश उलट पावली त्या कपात शिरला, दोन्ही नांग्या दारात रोखून बसला आणि डोळे बाहेर काढून घरातल्या प्रत्येकाकडे आळीपाळीने बघू लागला. सासरेबुवा बराच वेळ वाकून त्याच्याकडे पाहत राहिले. मग प्रेमाने म्हणाले, "जावईबापू."

"काय?" तपासनीस म्हणाला.

"तुम्हाला नाही. याला म्हटलं."

बायको हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली. तपासनिसाच्या मानी मनाला ते लागलं. आपल्यात आणि त्या खेकड्यात काय साम्य आहे, असं तो स्वतःशी विचारत राहिला, आणि विचारत असतानाच त्याच्या लक्षात आलं की आपण कोपऱ्यातल्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून, दोन्ही हातांत वर्तमानपत्र पुढे धरून बसलो आहोत. त्याने वर्तमानपत्र घडी करून ठेवलं.

पण सासरेबुवा खूश होते. संध्याकाळच्या जेवणात त्यांनी जावयाला ठरलेल्यापेक्षा एक वाक्य जास्त बोलून दाखवलं. "छान आहे हो." तेवढ्यावर तपासनीस दोनचार दिवस हवेत होता. येता-जाता टाकीचं झाकण उचलून तो आपली भेट कौतुकाने बघून जाई.

मग एका सकाळी सासरेबुवा टाकीपाशी बसले, आणि चहा झाला का विचारावं त्याच आवाजात म्हणाले, "धाकटी दिसत नाही."

बायकोने तपासनिसाकडे पाहिलं. तपासनिसाने कपाकडे पाहिलं. कपातल्या जावईबापूंनी, कुणी काही विचारलेलं नसताना, दोन्ही हात वर केले.

झालं. तपासनिसाने बाह्या सरसावल्या. टाकीतली झुडपं हलवून झाली, खडे चाळून झाले, गाळणीचं यंत्र उघडून झालं. धाकटीचा पत्ता नाही. त्या दिवशी सासरेबुवांच्या ताटातलं अर्धं तसंच राहिलं. बायकोने तपासनिसाला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, त्या माशांशिवाय बाबांचं इथे आहे काय? आईच्या हातची तेवढीच जित्तीजागती आठवण आहे. मासे गेले ना, तर तेही आपल्या जुन्या जागेत निघून जातील. एकटे. आणि तुम्ही आणलेल्या भेटीमुळे गेले असं होईल."

आता हे प्रकरण गंभीर झालं. भेट देणारा तपासनीस, आरोपी तपासनिसाच्या नावाचा, आणि तपास करणाराही तपासनीसच. असा दावा ऑफिसात आला असता तर त्याने पहिल्या झटक्यात फेटाळला असता.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे वकील स्वतःहून खाली आले आणि कपापुढे वाकून म्हणाले की जो प्राणी मागे मागे चालतो त्याच्या साक्षीवर कोर्ट विसंबत नाही, मात्र प्रेत मिळेपर्यंत त्याला संशयाचा फायदा द्यावा लागेल. समोरच्या काकूंचं म्हणणं, पोट भरलं की पाप सुचत नाही. त्यांनी रोज काकडीच्या उकडलेल्या चकत्या पाठवायला सुरुवात केली. जावईबापू चकती ओढत कपात नेत आणि तिथे एकट्यानेच खात बसत. हेही तपासनिसाला कुठेतरी लागलं.

त्यातच इमारतीच्या सेक्रेटरींनी त्याला जिन्यात अडवलं. मासे पाळायला हरकत नाही, ते म्हणाले, पण हा पोहतो की चालतो? चालतो, असं तपासनिसाने खरं ते सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. चालत असेल तर तो नियमाप्रमाणे पाळीव प्राणी, आणि पाळीव प्राण्याला मजल्यावरच्या सगळ्यांची ना-हरकत लागते, शिवाय जिन्यातून नेता-आणताना गळ्यात पट्टा. तपासनिसाने विचारलं की तो जिन्यात कशाला येईल. सेक्रेटरी म्हणाले की सगळे आधी असंच म्हणतात. एवढी शंका घेणारा दुसरा माणूस आपल्याच इमारतीत आहे, हे पाहून त्याला क्षणभर बरं वाटलं.

पाळत ठेवायची ठरली. पण त्यातही अडचण. टाकी खिडकीसमोर होती, त्यामुळे काचेत गुन्हेगार बघायला जावं तर तपासनिसाला स्वतःचाच चेहरा दिसे. त्याने यावर तोड काढली. टाकीचं झाकण एका बाजूने उचलायचं, फटीत कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा उभा करायचा, आणि वरून थेट कपाच्या दारावर नजर ठेवायची. ऑफिसला निघण्यापूर्वी, परत आल्यावर, बूट काढायच्या आधी, तो झाकणाला चिमटा लावून पाण्यावर ओणवा. मध्येच फोन वाजला की तसाच उठून जाई. पण परत येऊन बघावं तर झाकण घट्ट बसलेलं आणि चिमटा दोरीवर आपल्या जागी. घाईतही आपण किती काटेकोर वागतो याचं त्याला मनातल्या मनात कौतुक वाटे.

एवढ्या बंदोबस्तात मधली नाहीशी झाली.

घरात कुणी नसताना झाली. बायको तिच्या शाळेत, सासरेबुवा वाचनालयात, तपासनीस ऑफिसात. संध्याकाळी टाकीत एकट्या आत्याबाई कोपऱ्यात तोंड करून उभ्या. सासरेबुवा खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी टाकीशी काही बोलणं केलं नाही. आपण या माणसाला एक गोष्ट मनापासून दिली आणि तिने त्याचं उरलंसुरलं खाल्लं. उद्या सकाळीच जावईबापूंना वाटीत घालून दुकानात परत नेऊन सोडायचं, असा त्याने निश्चय केला.

सकाळी वाटी घेऊन तो गेला, तर कपाच्या दाराशी जावईबापू आडवे पडलेले. रंग उडालेला, नांग्या पसरलेल्या, डोळ्यांच्या जागी नुसती पारदर्शक भोकं. चमच्याने हलवलं तर पाण्यावर हलकेच तरंगले. आतून पोकळ.

दुसऱ्या कुणाला यात सुटका दिसली असती. तपासनिसाला खून दिसला. कुणीतरी आरोपीलाच संपवलं, आणि तेही आतून साफ पोखरून. त्याने घरात कुणाला कळू न देता तो मुद्देमाल चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवला आणि विचाराला बसला. फायदा कुणाचा? टाकीतल्या दोन लेकींचं उट्टं काढावं असं कुणाला वाटेल? आणि मग विजेचा धक्का बसावा तशी त्याला एक गोष्ट सुचली. तो चिमटा. घाईत उठून गेल्यावर तो दोरीवर परत जायचा कसा? आपण तर कधी ठेवल्याचं आठवत नाही. म्हणजे आपल्या पाठीमागे टाकीच्या झाकणाला आणखी कुणाचा तरी हात लागत होता. तो हात कुणाचा, हे सांगायला वकील नको होता.

माणसाला एकदा संशयाचं खूळ लागलं की तो देवाच्या मूर्तीलाही विचारेल, काल कुठे होतात. चहाच्या वेळी त्याने सासऱ्यांना सहज म्हणून विचारलं, काल दुपारी आपण कुठे होतात?

"वाचनालयात."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ," सासरेबुवा म्हणाले, आणि कप जरा हळूच बशीत ठेवला.

इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण जबाब पडताळून बघायची खोड हाडात मुरलेली. ऑफिसातून येताना तो वाचनालयात गेला आणि ग्रंथपालाला विचारलं की अमुक असे दिसणारे गृहस्थ काल दुपारी इथे होते का, मध्ये उठून गेले होते का, हाताला ओल वगैरे होती का. ग्रंथपाल सभ्य माणूस. त्याने सगळी उत्तरं दिली. आणि दुसऱ्या दिवशी सासरेबुवा तिथे गेल्यावर, तुमच्याबद्दल कुणी चौकशी करून गेलं हेही त्यांना तेवढ्याच सभ्यपणे सांगितलं. चौकशी करणाऱ्याचं वर्णन सांगायची फार गरज पडली नाही.

रविवारी सकाळी तपासनीस उठून बाहेर आला तो बैठकीच्या खोलीत बॅग उघडी. टाकीशेजारच्या खुर्चीवर ठेवलेली. सासरेबुवा सदऱ्याच्या घड्या तिच्यात एकावर एक रचत होते, आणि बायको भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे लाल होते.

"जुन्या जागेत जातो म्हणतो थोडे दिवस," सासरेबुवा म्हणाले. "आत्याबाईंना नेतो बरोबर. तुमची काही चूक नाही हो. तुमचा स्वभाव आहे."

बायको मात्र तुमची चूक नाही असं म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "बाबांवर? अहो, माझ्या बाबांवर?"

तपासनिसाला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. काही सुचेना म्हणून तो आपणहून टाकीतलं पाणी उपसायला लागला. माणसाला क्षमा मागता आली नाही की तो असली कामं करतो. त्याने झाकण काढून काखेत धरलं, दुसरा हात पाण्यात घातला आणि सासूबाईंचा तो कान तुटलेला कप बाहेर काढायला उचलला.

कपातून जावईबापू बाहेर आले.

अंग पहिल्यापेक्षा मोठं, रंग कोवळा, कातडी लोण्यासारखी मऊ. भलताच रागावलेला तो प्राणी कपाच्या काठावर उभा राहिला आणि त्याने दोन्ही नांग्या वर केल्या. तपासनिसाने काखेतलं झाकण सावरत खिशातली चष्म्याची डबी काढली, उघडली, आतल्या जावईबापूंकडे पाहिलं, मग कपातल्यांकडे पाहिलं. सासरेबुवाही पुढे वाकले.

"ही कात आहे," ते म्हणाले. "साप टाकतो तशी टाकली त्याने. आणि नवी कातडी कडक होईपर्यंत आत लपून बसला. हे तुम्ही डबीत ठेवलंत होय?"

तपासनीस उत्तर देणार, एवढ्यात उघड्या टाकीतल्या आत्याबाईंनी, काय मनात आलं कोण जाणे, पाण्याबाहेर सरळ उडी घेतली. हवेत एक काळी गिरकी दिसली आणि आत्याबाई बॅगेतल्या सदऱ्यांवर पडून फडफडू लागल्या. बायको किंचाळली. तपासनीस एका हातात डबी, दुसऱ्यात कप, काखेत झाकण, असा जागच्या जागी थिजला.

"अरे, बघत काय उभा राहिलास गाढवासारखा? ते झाकण लाव आधी! शंभरदा लावलं मी तुझ्या मागून येऊन, तुला एकदा लावता येत नाही?"

सासरेबुवांनी हे म्हणेपर्यंत आत्याबाईंना ओंजळीत घेऊन पाण्यात सोडलंसुद्धा होतं. तपासनिसाने कप पाण्यात ठेवला, झाकण लावलं, वरून तळव्याने दाबलं. आपण काय बोलून बसलो हे सासरेबुवांच्या लक्षात आलं तसे त्यांचे कान लाल झाले.

तपासनिसाने मुकाट्याने टाकीच्या टेबलाचं एक टोक धरून ते भिंतीपासून सरकवलं. मागच्या फटीत, धुळीत, धाकटी आणि मधली वाळून पडल्या होत्या. जवळच एक लाकडी चिमटा. ज्या दुपारी घरात कुणी नव्हतं, त्या दुपारचा. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर कुंपणच कोर्टात फिर्यादी म्हणून उभं होतं. खाली बसूनच तो म्हणाला, "बाबा, झाकण मी उघडं ठेवत होतो. दोघी माझ्यामुळे गेल्या. आणि मी तुमच्यावर संशय घेतला."

"उघडं राहतं ते दिसत होतं मला," सासरेबुवा म्हणाले. "मी घरी असलो की लावायचो. बाहेर असलो की जीव टांगणीला. तुम्हाला एक शब्द बोललो असतो तर पोरी वाचल्या असत्या. पण जावयाला कसं सांगायचं, म्हणून गप्प बसलो. तेव्हा निम्मं माझंही आहे त्यात."

"आत्ता सांगितलंत ना," बायको म्हणाली. ती डोळे पुसत होती, पण हसत होती. "चांगलं खणखणीत सांगितलंत."

तपासनीस खरं तर दुखावला जायला हवा होता. गाढव म्हणून घ्यायची त्याला सवय नव्हती. पण आपल्याला बरं वाटतंय, हे त्याच्या लक्षात आलं. का वाटतंय याचीही चौकशी करावी असं क्षणभर मनात आलं, पण त्याने ती केली नाही.

सासरेबुवा बॅगेकडे वळले. मग त्यांनी वरचा सदरा दोन बोटांनी उचलून उजेडात धरला.

"कपडे सगळे भिजले," ते म्हणाले. "आता आज काही जाता यायचं नाही."

आत्याबाई केवढ्या, त्यांच्या अंगावरचं पाणी ते केवढं. वरच्या सदऱ्यावर बोटाएवढा ओला डाग होता. तपासनिसाने बॅगेत हात घालून पाहिला असता तर त्याला खालच्या सगळ्या घड्या कोरड्या ठणठणीत लागल्या असत्या. बॅग त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

त्याने हात घातला नाही. कपड्यांचा तो ढीग तसाच उचलला आणि एकेक सदरा दोरीवर वाळत घातला.